फर्गसच्या नावाची ओळ

साउथ होबार्ट, १२ जानेवारी २००९

फर्गस,

ईमेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणजे माझा पत्ता तू चाळणीत टाकलेला असणार आणि माझं लिहिणं न वाचताच केरात जात असणार. कागदाला चाळणी लावता येत नाही, म्हणून हा खटाटोप. कॅसिडीज वेलला टपालाचा ट्रक फक्त मंगळवारी जातो, असं पोस्टातल्या बाईने सांगितलं. दर मंगळवारी जातो की नाही, हे तिलाही नक्की माहीत नव्हतं.

कामाचं आधी. लॅपटॉपमधले वायरलेसचे रेडिओ चालू-बंद करायला कर्नेलमध्ये, त्या गाभ्यातल्या प्रोग्रॅममध्ये, आपण जो इंटरफेस केला, तो मोडून नवा करायचा मी ठरवलं आहे. 'आपण' हा शब्द तुला खटकेल. बरं बाबा, मी केला. रेडिओची अवस्था सांगणारा एकच आकडा. शून्य म्हणजे आज्ञेने बंद, एक म्हणजे चालू, दोन म्हणजे लॅपटॉपच्या कडेचा स्विच हाताने सरकवून बंद. तू २००६ सालीच म्हणाला होतास की हाताने बंद आणि आज्ञेने बंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच वेळी दोन्ही खऱ्या असू शकतात, आणि एका आकड्यात दोन खऱ्या गोष्टी मावत नाहीत. मी म्हणाले होते, मावतात. नाही मावल्या. घे, लिहून दिलं.

आता दोन वेगळ्या फाइली, एक हाताची, एक आज्ञेची. जुना आकडाही तसाच राहील, कारण लोकांचे प्रोग्रॅम तो वाचतात आणि लोकांचं चालतं काम आपण मोडत नाही. म्हणजे माझी चूक मी मेल्यावरही तिथेच असणार, फक्त तिच्याकडे बघायची गरज कुणाला उरणार नाही.

नव्या कामातल्या चारशे ओळी तुझ्या त्या जुन्या पॅचमधल्या आहेत. शब्दशः. मी नुसती धूळ झटकली. त्यामुळे खाली लेखक म्हणून तुझ्या सहीची ओळ हवी, आणि ती ओळ ज्याची त्यानेच लिहायची असते, हे तुला मी सांगायला नको. नवं काम घ्यायची खिडकी चोवीस मार्चला उघडते आणि दोन आठवड्यांत बंद होते. त्याआधी तुझी सही आली तर हे यावेळी आत जाईल, नाहीतर पुढचे तीन महिने मला रोजच्या तीस तक्रारी वाचत बसावं लागेल.

छापील प्रत सोबत आहे. सहीची जागा कोरी ठेवली आहे. तिकीट लावून माझा पत्ता लिहिलेलं पाकीटही घातलं आहे, म्हणजे तुझ्या जिभेलासुद्धा त्रास नको. मागचं काही उकरून काढायला मी लिहीत नाही. तू तेव्हा फोनवर 'कर तुला काय करायचं ते' म्हणाला होतास, मी ती संमती धरली, झालं. त्यावर दोन वर्षं फुगून बसण्यासारखं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

नेरिडा

*

साउथ होबार्ट, ९ फेब्रुवारी २००९

फर्गस,

चार मंगळवार गेले.

मी थकले आहे रे. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, हवामान सांगतात तसं सांगते आहे. सकाळी उठायचं, आईचा चहा करायचा, तिच्या गोळ्या मोजायच्या आणि मग तक्रारी. फिनलंडमधल्या एका माणसाचा रेडिओ स्विच सरकवला की बंद होतो आणि परत सरकवला तरी बंदच राहतो. ब्राझीलमधल्या एकीचा बंदच होत नाही. दोघांचं म्हणणं एकच की नेरिडा पॅस्को मूर्ख आहे. दोघांनाही मी सभ्यपणे उत्तर देते. पूर्वी मी लोकांना ईमेलच्या लिस्टवर सगळ्यांदेखत सोलून काढायचे, आठवतं ना? आता तेवढाही जोर उरला नाही.

आईने परवा तुझी चौकशी केली. "तो लांबडा हल्ली येत नाही का," म्हणाली. तिच्या शिवणाच्या खोलीत तू दोन वर्षं राहिलास, तिथेच आपण पहिला ड्रायव्हर प्रोग्रॅम लिहिला, तिच्या हातचे शिंपल्यांचे पॅटिस तू एका बैठकीला चार खायचास, हे सगळं तिला पाठ आहे. काल डॉक्टर काय म्हणाले ते मात्र आठवत नाही. मी म्हटलं, आमचं भांडण झालं. कशावरून, म्हणाली. आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला हे कसं सांगायचं?

मग तिच्या कानातलं यंत्र दाखवून सांगितलं. म्हटलं, तुला ऐकू येत नाही, तेव्हा बॅटरी संपलेली असते किंवा तू आवाज मुद्दाम शून्यावर नेलेला असतो. कधीकधी दोन्ही. मी बॅटरी बदलली तरी तू आवाज शून्यावरच ठेवलेला असला, तर तू बहिरीच राहायला हवीस, कारण ती तुझी मर्जी. मी जो प्रकार केला त्यात बॅटरी संपल्याचं कळायचं, पण ती संपली की तुझी मर्जी विसरली जायची. नवी बॅटरी घातली की तुझ्या कानात सगळं जग ओरडायला लागणार, तुला हवं असो की नसो. फर्गस म्हणत होता की तुझी मर्जी वेगळी लिहून ठेवा.

आई म्हणाली, "बरोबरच म्हणत होता की."

म्हटलं, हो, पण मला ते उरकायचं होतं. आणि तो सगळ्यांसमोर कडाडून विरोध करत होता, त्यामुळे पुढे सरकत नव्हतं. मग एकदा फोनवर तो कर म्हणाला, आणि मी खाली त्याच्या नावाने संमतीची ओळ घातली.

तिने चहा संपवला. मग म्हणाली, "म्हणजे तू त्याची सही केलीस."

मी म्हटलं, सही नाही आई, संमती. सही वेगळी, संमती वेगळी. सही लेखकाची असते, संमती बघणाऱ्याची. आमच्यात लोक तोंडी संमती धरतात. मी हे बराच वेळ समजावलं. तिने कानाजवळ हात नेला आणि आवाज बंद करून टाकला.

सहीचं बघ. पहिली हरवली असेल म्हणून दुसरी प्रत सोबत आहे. खिडकी चोवीस मार्चला.

नेरिडा

*

साउथ होबार्ट, ३ मार्च २००९

फर्गस,

आज कॅसिडीज वेलचा शिक्का असलेलं पाकीट आलं. मी दारातच फोडलं. तुझं नव्हतं. तुमच्या वेधशाळेच्या संचालिका मार्गो प्रिंगल यांचं होतं.

त्या मला ओळखत नाहीत. या इंटरफेसची देखभाल मी करते म्हणून मला लिहिलं आहे, फार अदबीने. गेल्या ऑगस्टमध्ये तुमच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या डिशची सहा दिवसांची निरीक्षणं वाया गेली, त्याची चौकशी अजून चालू आहे, तर तांत्रिक बाजू मी समजावून सांगेन का, असं विचारलं आहे. वर्षातून एकदा मिळणारे सहा दिवस. मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं तू तिकडे बसून आकाश ऐकतो आहेस आणि माझ्यावर रुसला आहेस.

तुमच्या फाटकावर प्रत्येक लॅपटॉपचा स्विच हाताने बंद करतात आणि वर आज्ञाही देतात बंदची, दुहेरी कुलूप म्हणून. ही पद्धत तुझीच असणार. आणि माझ्या आकड्याने काय केलं, तर हाताने बंद, म्हणून 'दोन' दाखवलं आणि आज्ञा गिळून टाकली. फाटकावरच्या माणसाला दिसलं बंद. कुणा पाहुण्याचा लॅपटॉप डिशखालच्या खोलीत गणितं करत चालू राहिला, शेजारी कुणीतरी फाइलींचा ढीग सरकवला, त्याचा धक्का लागून स्विच चालूवर सरकला. आज्ञा लक्षात असती तर रेडिओ बंदच राहिला असता. तो सहा दिवस डिशच्या कानाशी बसून नेटवर्क शोधत होता. बाईंना समजावून सांगायला मला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

हे मी वाचू शकले. पुढचं मी दोनदा वाचलं. तू जूनमध्येच, म्हणजे हे होण्याच्या दोन महिने आधी, लेखी दिलं होतंस की हा आकडा भरवशाचा नाही, लॅपटॉपसाठी लोखंडी कपाटं करा. समितीने कपाटांना नकार दिला. बाई लिहितात, 'या इंटरफेसला मिस्टर लेनर्ड यांनी स्वतःच संमती दिल्याचं सार्वजनिक नोंदीत दिसत असल्याने त्यांचा आक्षेप समितीला सुसंगत वाटला नाही. ते दाखवल्यावर मिस्टर लेनर्ड यांनी काही खुलासा केला नाही.' आणि ऑगस्टनंतर तुला निरीक्षणावरून काढून जनरेटरच्या शेडमध्ये टाकलं. सात महिने तू डिझेल भरतो आहेस.

तू बोलला का नाहीस? एक वाक्य पुरलं असतं. 'ती ओळ मी लिहिलेली नाही.' एवढंच.

मी दुपारभर याच्यावर चिडले आहे, आणि चिडायचा मला काही अधिकार नाही हेही कळतं आहे. तू ते वाक्य म्हणाला असतास तर दुसऱ्या दिवशी मला हे काम सोडावं लागलं असतं. आपल्या लोकांत कोड चुकलं तर चालतं, शिव्या चालतात, दुसऱ्याच्या नावाने ओळ लिहिणं चालत नाही. तुला हे माहीत होतं, म्हणून तू बोलला नाहीस. मला दुसरं कारण सापडत नाही. असलं तर सांग.

प्रिंगलबाईंना मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. दोनदा सुरू केलं. दोन्हीदा तांत्रिक बाजूच लिहिली गेली. त्या साली बाबा नुकतेच गेले होते, आई पडली होती, मला चार तासांच्या वर झोप नव्हती, हे तुला माहीत आहे. मी फार थकले होते, फर्गस.

नेरिडा

*

साउथ होबार्ट, १६ मार्च २००९

फर्गस,

त्या फोनवर तू 'कर तुला काय करायचं ते' म्हणालास, एवढंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले. आईला, लिस्टवरच्या दोघांना, जानेवारीत तुलासुद्धा, तोंड वर करून. तू पुढे आणखी एक वाक्य बोलला होतास. "कर तुला काय करायचं ते, नेरिडा. माझं नाव मात्र त्यात घालू नकोस."

मी ते नीट ऐकलं होतं. फोन ठेवला, संध्याकाळचे पाच वाजले होते, आईला दवाखान्यातून आणायचं होतं. एकशेचाळीस ईमेलचा आपला वाद सगळ्यांनी वाचला होता. तुझा विरोध उघडा असताना ते काम वर पाठवलं असतं तर परत आलं असतं, आणि तुझी संमती खाली दिसली असती तर कुणीही दुसऱ्यांदा वाचलं नसतं. कुणी वाचलंही नाही. ओळ लिहायला मला दहा सेकंद लागले. मग मी गाडी काढली.

हे मी आता तिघांना लिहिलं आहे. पहिलं प्रिंगलबाईंना, सही करून, कागदावर. तांत्रिक बाजू दोन परिच्छेद आणि हे एक पान. दुसरं लिस्टवर, सगळ्यांसमोर. तिसरं हे.

लिस्टवर दोन दिवसांत साठ उत्तरं आली. एकाने लिहिलं, एका ओळीवरून एवढा तमाशा कशाला. ब्राझीलच्या बाईने लिहिलं, आता तुझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक संमती मला परत तपासावी लागणार. तिचं बरोबर आहे. मी सगळ्यांची यादी करून तिला पाठवली, एकशे अठरा निघाल्या, तुझी सोडून बाकीच्या खऱ्या आहेत. मी हे काम सोडते असंही लिहिलं. त्याला मात्र कुणीच उत्तर दिलं नाही, कारण हे काम दुसऱ्या कुणालाच नको आहे. फक्त यापुढे माझ्याबरोबर आणखी एक माणूस प्रत्येक गोष्ट बघणार, असं ठरलं. बघू दे. मला बरंच वाटलं.

ती ओळ काढता येत नाही. इतिहास आपणच असा बांधला की त्यातलं एक अक्षर हललं तरी पुढचं सगळं मोडतं, आणि त्याच्या प्रती जगभर पडल्या आहेत. तुझं नाव माझ्या कामाखाली कायमचं राहणार. फार तर पुढे एक नवी नोंद करून तिच्यात लिहिता येतं की मागची खोटी होती. म्हणून नव्या कामाच्या वरच्या मजकुरात मी सगळं लिहिलं आहे. काय झालं, का झालं, त्या वेळी माझी काय अवस्था होती, तुझं काय नुकसान झालं. अर्धं पान झालं.

तिसरी प्रत सोबत आहे. सहीची जागा अजून कोरी आहे. जानेवारीत मी ती खिडकीसाठी मागत होते. आता कशासाठी मागते आहे ते मला नीट सांगता येत नाही. तुझ्या नावाची एक ओळ मी लिहिली, निदान दुसरी तरी तू लिहावीस, असं काहीतरी. नाही लिहिलीस तर मी समजून घेईन. चांगलं वाटणार नाही, पण समजून घेईन.

नेरिडा

*

साउथ होबार्ट, ८ एप्रिल २००९

फर्गस,

काल खिडकी बंद झाली. आपलं काम आत गेलं नाही.

गेल्या आठवड्यात तिघांनी लिहिलं की एवढं अडून कशाला बसतेस, त्याच्या चारशे ओळी तू स्वतः नव्याने लिही, मग त्याच्या सहीची गरजच नाही. खरंच आहे. मला सहा दिवस लागले असते. मी फाइल उघडली, तुझं पहिलं फंक्शन पुसलं आणि तासभर त्या मोकळ्या जागेकडे बघत बसले. मग ते परत आणलं आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेले. लोक वैतागले आहेत. वैतागू देत, माझ्यावर वैतागायची त्यांना सवय आहे.

प्रिंगलबाईंचं उत्तर आलं. चार ओळी. माझ्या पत्राची नोंद घेतली आहे, लोखंडी कपाटं मंजूर झाली आहेत, मिस्टर लेनर्ड एक मेपासून निरीक्षणावर परत जातील. शेवटी त्यांनी लिहिलं आहे की हे सांगितल्यावर मिस्टर लेनर्ड 'बरं' म्हणाले. बाईंना आणखी काही अपेक्षित होतं असं दिसतं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसले, आणि मग बराच वेळ मला हसू येत राहिलं की रडू, ते नीट कळेना.

इथे गारठा सुरू झाला. डोंगरावर परवा पांढरं दिसलं. लाकडाचा माणूस ओली लाकडं टाकून गेला आणि पेटत नाहीत म्हटल्यावर मलाच म्हणाला, "तुम्हाला पेटवता येत नसतील, बाई." पूर्वी मी त्याला सोडला नसता.

आईने विचारलं, त्या लांबड्याचं काही आलं का. नाही म्हटलं. ती म्हणाली, "तू लिहितेस तरी काय त्याला?" मी सांगितलं थोडंफार. खिडकी, सही, प्रिंगलबाई. ती म्हणाली, "चार पत्रं लिहिलीस आणि तो कसा आहे हे एकदाही विचारलं नाहीस?"

मी प्रती काढून बघितल्या. नाही विचारलं.

कसा आहेस?

नेरिडा

*

साउथ होबार्ट, १९ मे २००९

फर्गस,

पाच तारखेला पाकीट आलं, त्यावर माझंच अक्षर. मला वाटलं माझं एखादं पत्र परत आलं. दुपारपर्यंत ते फ्रिजवर तसंच पडून होतं. मग आईने बघितलं आणि म्हणाली की तिकिटावर लाल धूळ आहे. तेव्हा कळलं, जानेवारीत मी तुला तिकीट लावून दिलेलं पाकीट ते. म्हणजे जानेवारीपासून तू ते ठेवलं होतंस.

आत माझी तिसरी प्रत. चौदा पानं, आणि एकही पान तू सोडलेलं नाहीस.

पान एकवर पेन्सिलने, 'टॅबच्या जागी रिकाम्या जागा. वीस वर्षं सांगतो आहे.' पान तीनवर, 'हे नाव कुणाला कळणार?' पान पाचवर माझ्या एका फंक्शनला गोल करून नुसतं 'का?' लिहिलं आहेस. सातव्या पानावर चहाच्या कपाचा डाग. नवव्या पानावर, 'इकडे हात स्विच हलवतो आणि त्याच क्षणी तिकडून आज्ञा आली तर?' मी ते वाचलं आणि लगेच कोड उघडलं. दीड महिना मी, तो नवा देखरेख्या आणि ब्राझीलची बाई हे कोड वाचत होतो. तिघांनाही दिसलं नाही. तुला डिझेलच्या शेडमध्ये, कागदावर, पेन्सिल हातात घेऊन दिसलं. ते तसंच आत गेलं असतं, तर मी दुसऱ्यांदा तेच करून बसले असते.

आणि वरचा मजकूर. माझं अर्धं पान तू आडव्या रेघा मारून खोडलंस. 'मी थकले होते' खोडलं. 'घाई होती' खोडलं. बाबा खोडले, आई खोडली. तुझं काय नुकसान झालं तेसुद्धा खोडलंस. एकच वाक्य ठेवलंस, 'दोन हजार सातच्या नोंदीतली फर्गस लेनर्ड यांची संमती त्यांनी दिलेली नव्हती, ती मी लिहिली.' त्याच्या शेजारी समासात लिहिलंस, 'कारणं नकोत. काय बदललं ते लिही.'

शेवटच्या पानावर सहीची जागा कोरीच. खाली, 'नामंजूर. पुढची प्रत पाठव.'

मी ते टेबलावर ठेवलं. आईने विचारलं काय म्हणतो. मी सांगितलं, नाही म्हणतो. ती म्हणाली, "मग हसतेस कशाला?" तिला कसं सांगू? ज्याचं काम कुणाला नको असतं त्याला आपल्यात कुणी नामंजूर म्हणत नाही, नुसतं गप्प बसतात. दोन वर्षं तू गप्प होतास. आता चौदा पानं भरून नाही म्हणतो आहेस. मी तिला एवढंच म्हटलं की त्याने नीट वाचलं आहे.

मग तिने शेवटचं पान उलटं केलं. मी केलंच नव्हतं. मागे तू लिहिलं होतंस, 'गुडघा दुखतो. बाकी ठीक.'

आई म्हणते, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लाव आणि शिडी चढू नकोस. निरोप दिला. शिडी तू चढणारच, ते मी तिला सांगितलं नाही.

नववं पान दुरुस्त करायला मला अकरा दिवस लागले. आता हात आणि आज्ञा एकाच क्षणी आले तरी दोघांचीही नोंद राहते, कोण आधी आलं याने फरक पडत नाही. मी चारशे वेळा चालवून बघितलं, तरी तू बघच. टॅब सगळे टॅब आहेत. ज्याला तू 'का?' म्हणालास ते फंक्शन काढून टाकलं, मलाही उत्तर सापडलं नाही. वर फक्त काय बदललं ते आहे आणि तुझं ते एक वाक्य. वाचायला फार उघडं वाटतं. पण कारणं गेल्यावर ते खरं वाटायला लागलं, हे मला कबूल आहे.

पुढची खिडकी जूनमध्ये आहे. जमलं तर जून, नाहीतर सप्टेंबर. मला आता घाई नाही.

चौथी प्रत सोबत आहे. सहीची जागा कोरी. तिकीट लावून पत्ता लिहिलेलं पाकीटही आहे. सही करायची नसेल आणि पाचवी प्रत लागणार असेल, तर याच पाकिटातून तसं कळव. मी पोस्टातून आणखी दहा आणून ठेवली आहेत.

नेरिडा